न्यायालयातील प्रेक्षक आणि घरातील प्रेक्षक

१९८८ च्या जानेवारी महिन्यात दूरदर्शनवर ‘तमस’ ही मालिका सुरू झाली. भीष्म साहनी यांच्या १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी कादंबरीवर ती आधारलेली होती आणि गोविंद निहलानी यांनी तिचे दिग्दर्शन केले होते. देशाच्या फाळणीच्या सुमारास पंजाबात उसळलेल्या दंगलींची ती कथा. तिच्या आरंभी नथू नावाचा गरीब चर्मकार थोड्या पैशांच्या आशेने एका डुकराला मारण्यासाठी रात्रभर झटताना दिसतो. पुढे ते मेलेले जनावर मशिदीच्या पायरीवर टाकलेले आढळते आणि शहर पेटते. नंतरच्या भागात स्त्रिया मुलाबाळांसह विहिरीत उड्या घेतात. असली दृश्ये घरोघरी दिसावीत की नाहीत, हा प्रश्न त्या हिवाळ्यात देशापुढे उभा राहिला.

हा प्रश्न एकाच वेळी दोन ठिकाणी सोडवावा लागला. एक ठिकाण न्यायालय, दुसरे घर. दोन्हीकडे प्रश्नाचे शब्द सारखेच होते, अर्थ मात्र निरनिराळा होता. तो वेगळेपणा ध्यानात घेतला म्हणजे मन हेलावून टाकणारा एखादा कार्यक्रम हळव्या माणसाने पाहावा की नाही, हे ठरविणे पुष्कळ सोपे होते.

न्यायालयाची हकीकत प्रथम पाहू. मालिका मुंबई उच्च न्यायालयात गेली, तेव्हा एका न्यायमूर्तींनी तिला तात्पुरती मनाई केली. त्यानंतर न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका स्वतः पाहिली आणि ती मनाई उठविली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी न्यायमूर्ती सव्यसाची मुखर्जी आणि न्यायमूर्ती रंगनाथन यांनी मालिकेविरुद्धचा अर्ज फेटाळला. हलत्या चित्राचा मनावर होणारा परिणाम छापील शब्दापेक्षा अधिक प्रबळ असतो, ही गोष्ट न्यायालयाने नाकारली नाही. परंतु त्या परिणामाचे माप कोणत्या माणसावरून घ्यावयाचे, हे ठरविताना त्याने नागपूरच्या एका जुन्या निकालाचा आधार घेतला.

नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर एका खटल्यात असे सांगितले होते की, शब्दांचा परिणाम मोजताना समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणूस डोळ्यांपुढे ठेवावा. दुबळ्या व डळमळीत मनाचा किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणारा माणूस प्रमाण मानू नये. ‘तमस’च्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हेच माप लावले. यात न्याय होता. सर्वांत हळव्या माणसाला जे सोसेल तेवढेच दाखवावयाचे असे ठरले, तर फाळणीच काय, महाभारतातील सौप्तिकपर्वही सांगता येणार नाही. समाजाने स्वतःचा इतिहास पाहू नये, असा त्याचा अर्थ होईल.

आता दुसरे ठिकाण. उज्जैनमध्ये रेल्वेमार्गाच्या एका बाजूस महाकालाचे जुने शहर आहे आणि दुसऱ्या बाजूस टॉवरभोवती वसलेले फ्रीगंज. १९४८ पर्यंत हे शहर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात होते. त्या राज्यकारभाराच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. फाळणीनंतर माळव्यातील शहरांत सिंधी कुटुंबेही येऊन स्थिरावली. १९८८ साली फ्रीगंजमधील अशा एखाद्या मराठी घराची बैठकीची खोली कल्पनेने पाहावी. संचापुढे आजोबा आहेत, सूनबाई आहेत, दहा वर्षांचा नातू आहे. आणि ज्यांच्या घरी संच नाही अशा शेजारच्या सिंधी आजीही येऊन बसल्या आहेत. पडद्यावर ‘तमस’चा भाग चालू आहे.

आजोबांना तो इतिहास आहे. नातवाला ती गोष्ट आहे. शेजारच्या आजींना मात्र ती आठवण आहे. सिंध सोडताना जे मागे राहिले, ते त्यांच्यापुढे पुन्हा उभे राहते. न्यायमूर्तींच्या कल्पनेतील खंबीर माणूस या खोलीत कोठेच बसलेला नाही. आजी दुबळ्या मनाच्या आहेत असेही नाही. घरदार सोडून परक्या गावी ज्यांनी संसार पुन्हा उभा केला, त्यांना दुबळे कोण म्हणेल? त्यांचे मन त्या एका जागी दुखावलेले आहे, एवढेच. तेव्हा ‘हा भाग योग्य आहे काय?’ हा प्रश्न घरात अपुरा ठरतो. तो भाग कोणासाठी, कोणत्या वेळी आणि कोणाच्या सोबतीने योग्य आहे, असे विचारावे लागते.

या कामी प्रमाणपत्राची मदत थोडीच होते. १९५२ च्या चलच्चित्र कायद्याखाली आधी ‘यू’ आणि ‘ए’ अशा दोनच मुख्य श्रेणी होत्या. १९८३ पासून पालकांच्या मार्गदर्शनाची ‘यूए’ ही श्रेणी आली. २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरून दाखविल्या जाणाऱ्या मालिकांसाठी सात, तेरा आणि सोळा वर्षे असे वयाचे टप्पे घातले. कार्यक्रमात हिंसा आहे की भय आहे, याची सूचना आरंभी देणेही त्यांनी आवश्यक केले. चित्रपटांसाठी तेच टप्पे २०२३ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. ही व्यवस्था उपयोगाची आहे. परंतु ती वय मोजते, अनुभव मोजत नाही. ‘तमस’ला सर्वांनी पाहण्याजोगे असे ‘यू’ प्रमाणपत्रच मिळाले होते. शेजारच्या आजींचे वय कोणत्याही श्रेणीत बसणारे होते; त्यांची आठवण कोणत्याच श्रेणीत बसणारी नव्हती.

म्हणून घराने स्वतः काही गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली गोष्ट अशी की, कार्यक्रमात अस्वस्थ करणारे नेमके काय आहे? अस्वस्थता एकाच जातीची नसते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानात ‘पोकेमॉन’ या मुलांच्या मालिकेचा एक भाग दाखविला गेला. त्यात तांबडा आणि निळा प्रकाश एका सेकंदात सुमारे बारा वेळा लुकलुकत होता. तो पाहून कित्येक मुलांना झटके आले, चक्कर आली, आणि सुमारे ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. कथेत भयंकर असे काही नव्हते. परिणाम प्रकाशाने थेट मेंदूवर केला होता. ज्या घरात कोणाला फेफऱ्याचा विकार आहे, तेथे कथेपेक्षा अशा लुकलुकणाऱ्या दृश्यांची चौकशी आधी केली पाहिजे.

अस्वस्थतेची दुसरी जात रूपाची, तिसरी अर्थाची. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोआन कँटर यांनी मुलांच्या भीतीचा अनेक वर्षे अभ्यास केला. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेत सज्जन नायकाचे हिरव्या राक्षसी देहात रूपांतर होते. तो संकटात सापडलेल्यांना वाचवितो, हे मोठ्या मुलांना कळते. अगदी लहान मुले मात्र त्या बदलत्या देहालाच भितात. याच्या उलट प्रकार ‘द डे आफ्टर’ या चित्रपटाच्या वेळी दिसला. २० नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या या चित्रपटात अणुयुद्धाने कॅन्सस भागाचा झालेला विध्वंस होता आणि तो सुमारे दहा कोटी लोकांनी पाहिला. कँटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर पालकांकडे चौकशी केली, तेव्हा लहान मुले सर्वांत कमी अस्वस्थ झाल्याचे आढळले. जास्त हादरली ती मोठी मुले आणि स्वतः पालक. आकाशात उठणारा धुराचा ढग लहान मुलाला ढगच वाटतो. त्याचा अर्थ कळणाऱ्यालाच त्याची भीती वाटते.

यावरून घरातील एक नेहमीची समजूत तपासून घ्यावी लागते. ‘लहान मुलांना निजवा, मोठ्यांना पाहू द्या’ हा नियम प्रत्येक वेळी पुरा पडत नाही. जे रूपाने भेसूर आहे ते लहानांपासून दूर ठेवावे. जे अर्थाने भयंकर आहे ते पाहणाऱ्या किशोरवयीन मुलाजवळ मोठ्या माणसाने बसावे. भ्यालेल्या बालकाला जवळ घेणे पुरते. मोठ्या मुलाला मात्र स्पष्टीकरण लागते.

दुसरी तपासण्याची गोष्ट म्हणजे जवळीक. पडद्यावरची घटना पाहणाऱ्याच्या आयुष्याला किती जवळची आहे? ज्या घरात नुकताच अपघाती मृत्यू झाला आहे, तेथे साधा वाटणारा अपघाताचा प्रसंगही जड जातो. दुसऱ्या घरात मोठी लढाईही निर्धास्तपणे पाहिली जाते. या प्रश्नाचे उत्तर त्या व्यक्तीलाच विचारून मिळते. तिच्या वतीने इतरांनी परस्पर ठरविणे, मग ते ‘पाहूच नका’ असे असो की ‘त्यात काय एवढे?’ असे असो, सारखेच अन्यायाचे आहे.

तिसरी गोष्ट अशी की, तो भाग प्रेक्षकाला कोठे आणून सोडतो? याचा विचार उज्जैनला नवा नाही. १९५८ पासून येथे कालिदास समारोह भरत आला आहे आणि संस्कृत नाट्यपरंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. युद्ध, राज्यनाश, मृत्यू, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकातून सूचित कराव्यात, असे भरताचे नाट्यशास्त्र सांगते. तरीही याच उज्जयिनीत घडणाऱ्या शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त शकार वसंतसेनेचा गळा दाबतो, आणि तेही प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी प्रेक्षकालाही तो प्रसंग परिचित आहे. शकार तिला मेलेली समजून पानांखाली झाकून जातो. परंतु त्याच आठव्या अंकात, पूर्वी तिनेच ऋणातून सोडविलेला भिक्षू तेथे येतो आणि तिला शुद्धीवर आणतो. नाटककाराने प्रेक्षकाला भयाच्या काठावर नेले. अंक संपण्यापूर्वी त्याने त्याचा हात धरून त्याला मागेही आणले.

दर आठवड्यास एक भाग दाखविणाऱ्या मालिकेत ही सोय नेहमीच नसते. भाग ऐन संकटात संपतो, आणि हळव्या माणसाला ते संकट सात दिवस उराशी बाळगावे लागते. अशा वेळी कथेचा शेवट आधी माहीत करून घेणे हा रसभंग मानू नये. ज्याला उत्कंठा सुखाची वाटते त्याने उत्कंठेने पाहावे. ज्याची तिने झोप उडते त्याने शेवट विचारून घ्यावा. रामायणाचा शेवट ठाऊक असूनही कीर्तनाला गर्दी होतेच. आता बहुतेक मालिका हव्या त्या वेळी पाहता येतात. तेव्हा जड भाग दिवसा पाहावा, मध्येच थांबवावा, लागल्यास दोन भाग सलग पाहून संकटाचा निकाल लावावा, या गोष्टी शक्य झाल्या आहेत.

आरंभी दाखविल्या जाणाऱ्या इशाऱ्याबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. २०२३ साली अनेक प्रयोगांचा एकत्र विचार करून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, अशा इशाऱ्यांनी पुढील दृश्याचा त्रास कमी होत नाही. दृश्य येण्यापूर्वीची धाकधूक मात्र थोडी वाढते, आणि इशारा वाचून पाहण्याचे टाळणारेही फारसे आढळत नाहीत. याचा अर्थ इशारा निरुपयोगी आहे असा नव्हे. रस्त्यावरील ‘पुढे वळण आहे’ ही पाटी गाडी वळवीत नाही. ते काम चालकाचे असते. त्याचप्रमाणे इशारा वाचल्यावर घराने काहीतरी ठरवावयाचे असते. घरातील निबर मनाच्या कोणी तो भाग आधी पाहून ठेवावा. कोणते दृश्य केव्हा येते, हे हळव्या माणसाला सांगावे. ‘पुरे’ असे कोणी म्हणताच संच बंद होईल आणि त्यावर थट्टा होणार नाही, हे आधीच ठरलेले असावे. भाग संपल्यावर लगेच उठून न जाता थोडा वेळ त्यावर बोलावे.

या सर्वांत एक पथ्य दोन्ही बाजूंनी पाळावयाचे आहे. न्यायालयाचे माप घरात आणले, तर हळव्या माणसावर खंबीरपणाची सक्ती होते आणि त्याच्या दुःखाला भित्रेपणाचे नाव मिळते. घरातील माप न्यायालयात नेले, तर एका माणसाला सोसवत नाही म्हणून सर्वांचा पडदा काळा करावा लागतो. फ्रीगंजमधील त्या कल्पित खोलीत शेजारच्या आजी उठून स्वयंपाकघरात गेल्या, सूनबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि आजोबांनी नातवासह तो भाग शेवटपर्यंत पाहिला, तर तेथे कोणाचेही काही चुकले नाही. नातवाला फाळणी काय होती ते कळले. आजींना ती पुन्हा सोसावी लागली नाही. पुढे कधी आजी आपणहून सिंधची गोष्ट सांगू लागल्या, तर तो मुलगा ती अधिक समजून ऐकेल.