काळी माती पातळ होईल का?

१० जुलै २०२४. सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. धक्के शेजारच्या वाशीम जिल्ह्यातही जाणवले. भूकंप म्हटलं की मोबाइलवर ते व्हिडिओ फिरतातच: जमीन थलथलतेय, अख्खी इमारत कलंडतेय. मग अनसिंगच्या काळ्या रानात घर असणाऱ्याला प्रश्न पडणारच, आपल्या पायाखाली असं होईल का?

आधी ते होतं कसं, ते बघू. एका घमेल्यात वाळू भरा, ती पूर्ण भिजेल इतकं पाणी घाला. वर एक वीट उभी ठेवा आणि घमेल्याला बाजूने ठोकत राहा. पाणी वर येतं, वीट कलते, रुतते.

भूकंपात हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. वाळूचे कण एकमेकांना टेकून घराचं वजन पेलत असतात. हादरे बसले की कण आवळले जाऊ पाहतात, पण मधल्या पाण्याला निघून जायला वेळच मिळत नाही. पाण्याचा दाब वाढतो, कणांचा एकमेकांवरचा टेकू सुटतो आणि जमीन पातळ झाल्यासारखी वागते. जड इमारत खचते, पुरलेली हलकी टाकी वर येते. याला म्हणतात द्रवीकरण.

जपानच्या निगाता शहरात १९६४ साली यामुळे चार मजली इमारती जवळपास तशाच्या तशा आडव्या झाल्या. बांधकाम भक्कम होतं, दगा जमिनीने दिला. २००१च्या भूजच्या भूकंपात कांडला बंदरातला टॉवरही असाच कलला.

आता आपली काळी माती. ती चिकण. तिचे बारीक कण एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे ती वाळूसारखी सहज पातळ होत नाही. सावध राहायचं ते नदीकाठच्या पाणी धरलेल्या वाळूत आणि नीट न दाबलेल्या भरावावर.

म्हणजे आपण सुटलो? नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भूकंपाशिवायच भिंती तडकतात. आणि अशा तडकलेल्या घराला हादरा बसला तर?

किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनानंतरची रात्र. हजारो माणसं गेली. तिथे जमीन पातळ झाली म्हणून घरं पडली नाहीत. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली.

म्हणून घरी बांधकामाचा विषय निघाला, तर टाइल्सचा रंग ठरवण्याआधी मिस्त्रीला तीन प्रश्न विचारा. पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत जाणार का? जोत्यावर आणि दारं-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा लोखंडी गजांचा काँक्रीट पट्टा फिरणार का? जागा भरावाची असेल, तर माती तपासली का?

भूकंप कधी येणार, हे कुणालाच सांगता येत नाही. या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र पाया खोदण्याआधीच मिळू शकतात.