पहिला डिजिटल कॅमेरा घेताना

पिकावरील रोग-किडींचे फोटो काढून कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना दाखवण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे. मात्र फोटो अस्पष्ट असेल तर सल्ला चुकू शकतो. मिरचीच्या बोकड्याचेच उदाहरण घ्या. फुलकिड्यांमुळे पाने वरच्या बाजूस वळतात, तर कोळ्यामुळे खालच्या बाजूस वळतात. फुलकिड्यांवरची सर्वच औषधे कोळ्यावर चालत नाहीत. फोटोत पानाचा वळ दिसला नाही, तर फवारणीचा खर्च वाया जातो आणि मधल्या काळात पीक हातचे जाते. म्हणून कॅमेरा घ्यायचाच असेल, तर तो शेतीच्या कामाला उपयोगी पडेल असा पारखून घ्यावा.

आधी हातातला मोबाईल तपासावा. पिकाची सर्वसाधारण नोंद आणि नुकसानीची दृश्ये टिपण्यासाठी चांगला मोबाईल पुरतो. राज्यात २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीसाठी तर मोबाईलच लागतो. तेथे ॲपमधूनच, शेतात उभे राहून, अक्षांश-रेखांशासह फोटो घ्यावा लागतो. कॅमेऱ्याने काढलेला फोटो चालत नाही. रोपवाटिका, बीजोत्पादन, शेतकरी गट किंवा माल विक्रीची जाहिरात यांसाठी मात्र वेगळा कॅमेरा सोयीचा ठरतो.

मेगापिक्सेलचा मोह

दुकानदार पहिल्यांदा मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात केवळ १०० गुणिले १०० ठिपके होते. आज ६ बाय ४ इंचाचा फोटो उत्तम छापण्यास सुमारे २ मेगापिक्सेल आणि ए-४ आकाराच्या पानास सुमारे ९ मेगापिक्सेल पुरतात. तेव्हा १२ मेगापिक्सेलच्या पुढच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. त्याऐवजी सेन्सरचा आकार विचारावा. सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी आतली चकती. ती मोठी असेल तर ढगाळ हवेत किंवा शेडनेटमध्येही फोटो स्वच्छ येतो. लहान खिशातल्या कॅमेऱ्यात ती साधारण ६ मिमी रुंद असते, भिंग बदलता येणाऱ्या बऱ्याच कॅमेऱ्यांत २२ ते २४ मिमी.

जवळचा फोटो कसा येतो?

आपल्या कामाची खरी कसोटी हीच आहे. फुलकिडा जेमतेम १ मिमी लांब असतो. फोटोची रुंदी ४००० ठिपके धरली आणि चौकटीत ६० सेंमी रुंदीचे झाड घेतले, तर फुलकिड्याच्या वाट्याला सहा-सात ठिपके येतात. त्यातून काहीच ओळखता येत नाही. तोच कॅमेरा जवळ नेऊन ६ सेंमी रुंदी घेतली की ६५ हून अधिक ठिपके मिळतात आणि कीड ओळखू येते. मिरचीवरचा कोळी ०.२ मिमी एवढाच असल्याने तो साध्या कॅमेऱ्याने टिपण्याचा नाद सोडावा; तेथे १० पट मोठे दाखवणारे हातभिंगच खरे.

दुकानात जाताना खिशात एक मोजपट्टी ठेवावी. कॅमेऱ्यावरील फुलाच्या चिन्हाची सोय, म्हणजे मॅक्रो, चालू करून पट्टीचा फोटो काढावा आणि पडद्यावर किती सेंटिमीटर दिसतात ते मोजावे. ६ सेंमी किंवा त्याहून कमी भाग दिसून मिलिमीटरच्या रेघा ठळक उमटल्या, तर कॅमेरा आपल्या कामाचा समजावा. मोठ्या कॅमेऱ्याबरोबर मिळणारे साधे भिंगही साधारण एवढेच जवळचे दाखवते. याहून जवळचे हवे असल्यास मॅक्रो भिंग वेगळे घ्यावे लागते आणि ते महाग पडते. काही स्वस्त मोबाईलमधील २ मेगापिक्सेलचे मॅक्रो भिंग मात्र नावापुरतेच असते.

झूमच्या बाबतीत फक्त ऑप्टिकल झूम विचारात घ्यावा. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला भाग कापून मोठा करणे. तपशील त्याने वाढत नाही.

जुना कॅमेरा घेताना

स्वस्त लहान कॅमेरे अनेक कंपन्यांनी बंद केल्याने जुन्या मालाकडे ओढा आहे. असा कॅमेरा घेण्यास हरकत नाही, पण भिंग उजेडासमोर धरून पाहावे. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. असा कॅमेरा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यात काळे डाग येतात का तेही पाहावे. बॅटरी फुगलेली नसावी व त्याच मापाची नवी बाजारात मिळते याची खात्री करावी. नवीन कॅमेऱ्याची पक्की पावती व भारतात चालणारे हमीपत्र घ्यावे.

कॅमेरा आणल्याबरोबर तारीख व वेळ बरोबर लावावी, नाहीतर फवारणीपूर्वीचा फोटो कोणता आणि नंतरचा कोणता हे वर्षभराने कळत नाही. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. द्राक्षावरील केवड्याची पांढरी वाढ पानाच्या खालच्या बाजूसच दिसते. मापासाठी शेजारी १० रुपयांचे नाणे ठेवावे, त्याचा व्यास २७ मिमी असतो. व्हॉट्सॲपवरून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, म्हणजे फोटो दाबला जाऊन बारकावे पुसले जात नाहीत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा व औषधांच्या खोलीत कधीही ठेवू नये.