धूर, अग्नी आणि बॉयलर

तर्कशास्त्र शिकवताना वर्षानुवर्षं मी एकच उदाहरण देत आलो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. न्यायदर्शनातलं हे ठरलेलं उदाहरण. पण नैयायिक पुढेही काही सांगतात, ते आपण विसरतो. धुरावरून अग्नी सिद्ध होतो, अग्नीवरून धूर होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला इंधन ओलं असावं लागतं. या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. आज बॉयलर या अंगाने समजून घेऊ.

आपल्याकडे जुन्या घरांत तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. हा घरगुती बॉयलरच. लाकडं ओली असली की डोळे चुरचुरायचे. का? तर उष्णता आधी ओल वाळवण्यात खर्च होते, ज्वाला थंड पडते आणि लाकडातून सुटलेले वायू न जळताच निघून जातात. म्हणजे धुरात न जळलेलं इंधनच असतं.

आता तेल घ्या. तेल जळतं असं आपण म्हणतो, खरं तर त्याची वाफ जळते. दिव्यात ते काम वात करते. बॉयलरच्या बर्नरमध्ये तेल बारीक छिद्रातून दाबाने फवारतात. फर्नेस ऑइल घट्ट असतं, म्हणून आधी तापवून पातळ करतात. थेंब जितका बारीक, तितकी हवा त्याला नीट भिडते. 1 किलो तेलाला साधारण 14 किलो हवा लागते! कोळशाचंही तेच. आपल्या कोराडीला 660 मेगावॅटचे 3 संच आहेत. अशा बॉयलरमध्ये कोळसा पिठासारखा दळून हवेबरोबर भट्टीत फुंकतात. थंड भट्टी पेटवायला मात्र आधी तेल लागतं.

हवा कमी पडली तर? 1 किलो कार्बन पूर्ण जळला तर सुमारे 8,000 किलोकॅलरी उष्णता मिळते. अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड झाला तर जेमतेम 2,400. हवा फार झाली तर तीच तापून चिमणीतून निघून जाते. म्हणून तेलाला गरजेपेक्षा 10-15 टक्केच हवा जास्त देतात, आणि चिमणीतल्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते यंत्राने मोजतात.

डोळ्यांनी बघून का चालत नाही? कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. “धूर नाही, म्हणजे सगळं नीट जळतंय” हे अनुमान चुकीचं आहे. आणि ही चूक परीक्षेत मार्क जाण्यापुरती राहत नाही, जीव घेते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत लोक दारं-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवतात. निखारे लालबुंद, धूर अजिबात नाही. तोच तो लोखंडी गोळा! हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट धरतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरचंही असंच.

म्हणून एवढं करा. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा, झोपायच्या आधी शेगडी अंगणात ठेवा. थंडी वाजली तर आणखी एक रजई घ्या, बापा! आता तुमचे प्रश्न घेऊ.