दाखल तारीख

ग्रंथालयाचे पुस्तक उघडले की आतल्या पानावर एक शिक्का दिसतो. त्यात दाखल क्रमांक असतो, तारीख असते. आपण ते पान उलटून पुढे जातो. जुन्या ग्रंथालयात मात्र ही तारीख फार बोलकी असते. पुस्तक कधी लिहिले गेले हे विद्वान शोधून काढतात. ते ग्रंथालयात कधी आले, हे कुणातरी माणसाने एके दिवशी काय ठरवले यावर अवलंबून असते. द्यायचे, विकत घ्यायचे, की नको म्हणून काढून टाकायचे? ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयाचा संग्रह मला या दुसऱ्या तारखेच्या क्रमाने पाहायला आवडतो. तसा पाहिला की त्यातली माणसे दिसू लागतात.

सुरुवात एका उजाड खोलीपासून करावी लागते. पंधराव्या शतकात राजघराण्यातल्या ड्यूक हम्फ्रीने विद्यापीठाला 280हून जास्त हस्तलिखिते दिली होती. त्यांच्यासाठी बांधलेले दालन 1488 मध्ये उघडले. पुढे धर्मसुधारणेच्या वावटळीत 1550 च्या सुमारास ही हस्तलिखिते बाहेर गेली, आणि 1556 मध्ये तर वाचनाची बाकेसुद्धा विकली गेली. रिकामे दालन चाळीस वर्षे तसेच राहिले. 1598 मध्ये निवृत्त मुत्सद्दी सर थॉमस बॉडली याने विद्यापीठाला पत्र लिहून ते स्वखर्चाने पुन्हा उभे करण्याची तयारी दाखवली. त्याच्या पत्नीचा पहिला नवरा मासळीचा बडा व्यापारी होता. त्या पैशाचा मोठा हातभार या कामाला लागला. 8 नोव्हेंबर 1602 रोजी सुमारे 2 हजार पुस्तकांनिशी ग्रंथालय उघडले. बॉडलीने देणगीदारांच्या नावांची एक जाडजूड वही करून ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडेल अशी ठेवली. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर नाव कोरतात, तोच हेतू. देणाऱ्याला आपले नाव दिसले की दुसराही पुढे येतो.

1604 मध्ये ग्रंथालयाने पहिले चिनी पुस्तक घेतले. त्यातले एक अक्षरही वाचू शकणारा माणूस तेव्हा सगळ्या इंग्लंडात नव्हता, तरी घेतले. वाचणारा यायला 83 वर्षे लागली. 1687 मध्ये नानजिंगचा शेन फुत्सोंग हा तरुण ऑक्सफर्डला आला. तोवर साठलेल्या चिनी पुस्तकांत काय आहे ते त्याने ग्रंथपाल टॉमस हाइडला सांगितले. दोघांच्या बोलण्याची भाषा लॅटिन होती. आज वाचता येत नाही म्हणून पुस्तक टाकू नये, ही शहाणीव बॉडलीच्या माणसांजवळ होती.

1610 चा करार तर जगभरच्या ग्रंथालयांच्या दृष्टीने महत्त्वाचा. लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत बॉडलियनला फुकट देण्याचे कबूल केले. आपल्याकडे 1954 च्या कायद्याने प्रकाशक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे पुस्तके पाठवतात. त्यामागचा विचार हाच.

या करारामुळे जे पुस्तक आले त्याच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, 1623 मध्ये, त्याची 36 नाटके एकत्र छापली गेली. इंग्रजी साहित्यात तो ग्रंथ ‘पहिला फोलिओ’ म्हणून ओळखला जातो. बॉडलीचा स्वतःचा नाटकांवर राग होता. असल्या फुटकळ छापील मालाने ग्रंथालयाची अब्रू जाईल असे त्याने पहिल्या ग्रंथपालाला बजावले होते. पण 1613 मध्ये तो वारला, आणि फोलिओच्या सुट्या फर्म्यांचा गठ्ठा करारानुसार आला. फेब्रुवारी 1624 मध्ये तो ऑक्सफर्डच्या एका बांधणीकाराकडे गेला आणि परत आल्यावर साखळीने कपाटाला बांधला गेला. विद्यार्थ्यांनी तो भरपूर वाचला. पुढे 1663-64 मध्ये त्याच नाटकांची तिसरी आवृत्ती निघाली. नवी, वाढीव आवृत्ती आल्यावर जुनी कशाला, असे कुणीतरी ठरवले आणि जादा पुस्तकांच्या ढिगात हा फोलिओही 24 पौंडांत विकला गेला.

पुढची सुमारे 240 वर्षे त्याचा पत्ता नव्हता. जानेवारी 1905 मध्ये एक तरुण आपल्या घरचा शेक्सपिअर घेऊन बॉडलियनमध्ये आला. बांधणी खिळखिळी झाली होती, दुरुस्ती कशी करावी एवढेच त्याला विचारायचे होते. ग्रंथालयातल्या जाणकारांनी चामडे पाहिले, साखळीच्या कडीची खूण पाहिली, आणि हे पुस्तक आपलेच असल्याचे त्यांच्या लक्षात आले. मालकाला अमेरिकेतून हेन्री फोल्जर या संग्राहकाने नाव गुप्त ठेवून 3 हजार पौंड देऊ केले होते. तेव्हा ती अचाट रक्कम होती. मालक मोठ्या मनाचा. तेवढे पैसे जमवले तर पुस्तक ग्रंथालयालाच देईन, असे तो म्हणाला. लोकांकडे हात पसरून, लहान-मोठ्या देणग्या गोळा करून, 1906 मध्ये फोलिओ परत घेतला. फुकट आलेला ग्रंथ इतरांसह 24 पौंडांत विकला होता आणि तो एकटाच 3 हजारांना परत घ्यावा लागला. मला या पुस्तकाचे सर्वांत मोलाचे अंग वाटते ती त्याची झीज. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची पाने सर्वाधिक विरली आहेत. सज्ज्यातल्या प्रसंगाजवळ हात आणि कोपर टेकवून सतराव्या शतकातली पोरे वाचत बसली, याचा एवढा सरळ पुरावा दुसऱ्या कशात मिळणार?

1640. आर्चबिशप विल्यम लॉड याने दिलेल्या पुस्तकांत भारतीय चित्रांचा एक संच होता. त्यात रागमालेची 18 चित्रे आहेत. शहाजी महाराज दख्खनेत सरदारकी करत होते आणि शिवराय दहाएक वर्षांचे होते, तेव्हा आपल्या राग-रागिण्या ऑक्सफर्डच्या कपाटात जाऊन बसल्या होत्या. युरोपातल्या ग्रंथालयांत पोहोचलेल्या भारतीय चित्रांच्या अगदी पहिल्या संचांपैकी हा एक.

1645 मध्ये काहीच दाखल झाले नाही, तरी ते साल सोडता येत नाही. यादवी युद्धात पहिला चार्ल्स राजा ऑक्सफर्डला तळ देऊन होता. त्याने एक फ्रेंच इतिहासग्रंथ वाचायला मागवला. ग्रंथपाल जॉन राउसने नियमावली राजापुढे ठेवली: पुस्तक इमारतीबाहेर जात नाही. राजाने ऐकून घेतले. पुढे 1654 मध्ये क्रॉमवेलने मागितले, तेव्हा त्यालाही हेच उत्तर मिळाले. राजाचे डोके उडवणारा माणूसही एका ग्रंथपालापुढे मागे सरला. संग्रह टिकतो तो अशा नकारांमुळे.

1659 मध्ये कायदेपंडित जॉन सेल्डनची सुमारे 8 हजार पुस्तके आली. ती उघडताना पानांत त्याचे विसरलेले चष्मे सापडले म्हणतात. या पुस्तकांत ‘कोडेक्स मेंडोझा’ होता: मेक्सिकोच्या अ‍ॅझटेक चित्रकारांनी 1540 च्या आसपास काढलेली राजांची वंशावळ आणि कोणत्या गावाने किती कापड, किती पिसे, किती कोकोच्या बिया द्यायच्या याचा चित्रमय वसुली-तपशील. स्पेनकडे निघालेले हे पुस्तक फ्रेंचांच्या हाती पडले आणि फिरत फिरत सेल्डनकडे आले. शेजारी एक चिनी समुद्र-नकाशा होता, दीड मीटरहून लांब. हाइडने शेनकडून विचारून त्यावर लॅटिनमध्ये टिपणे केली. मग नकाशा गुंडाळून ठेवला गेला आणि विस्मरणात गेला. 2008 मध्ये एका अमेरिकी इतिहासकाराने तो पुन्हा उलगडायला लावला. त्यावर चीनच्या किनाऱ्यावरून निघणारे जलमार्ग आखलेले दिसले, आणि कडेला आपल्या कालिकतची नोंदही.

भारताकडची खरी ओढ एकोणिसाव्या शतकातली, आणि तिचा एक धागा थेट मुंबईचा आहे. मुंबई लष्करातला लेफ्टनंट कर्नल जोसेफ बोडन याने आपली मालमत्ता संस्कृतच्या प्राध्यापकपदासाठी ठेवली. त्याचा उद्देश ख्रिस्ती धर्मप्रसाराला मदत हा होता, हे स्पष्ट सांगायला हवे. 1832 मध्ये त्या पदावर आलेल्या एच. एच. विल्सनची 540 संस्कृत हस्तलिखिते बॉडलियनने 1842 मध्ये 500 पौंडांना घेतली. 1860 मध्ये हेच पद मुंबईत जन्मलेल्या मोनिअर विल्यम्सला मिळाले. ऋग्वेद छापणारा माक्स म्युलर हरला. तोच म्युलर 1865 ते 1867 या काळात याच ग्रंथालयात उपग्रंथपाल होता. 1909 मध्ये नेपाळचे पंतप्रधान महाराज चंद्र शमशेर यांनी 6 हजारांहून जास्त संस्कृत हस्तलिखिते विकत घेऊन ऑक्सफर्डला दिली. काशीच्या पंडितघराण्यात जपलेला एवढा ठेवा एकगठ्ठा समुद्रापार गेला. तो तिथे नीट राहिला याचा आनंद आहे, आणि काशीतून गेला याचे दुःखही आहे. दोन्ही खरे.

पण मला विचाराल, तर 1902 साली आलेल्या 70 पानांएवढे मोलाचे तिथे काही नाही. 1881 मध्ये मर्दानजवळच्या बख्शाली गावात, आज ते पाकिस्तानात आहे, जमीन खणताना एका शेतकऱ्याला भूर्जपत्रांची पोथी सापडली. बरीचशी पाने हातातच चुरली. उरलेली संशोधक रुडॉल्फ हर्न्ले याच्याकडे गेली आणि त्याने ती बॉडलियनला दिली. अभ्रकाच्या पापुद्र्यांत ठेवलेल्या या शारदा लिपीतल्या पानांवर गणित आहे: अपूर्णांक, वर्गमूळ काढण्याची रीत, व्यापारातली उदाहरणे. आणि ठिकठिकाणी, रिकाम्या स्थानावर, एक ठसठशीत टिंब. तेच शून्य. 2017 मध्ये ग्रंथालयाने तीन पानांची कार्बन चाचणी जाहीर केली. उत्तरे निघाली तीन: एक इ. स. 224 ते 383, दुसरे 680 ते 779, तिसरे 885 ते 993. एकाच पोथीच्या पानांमध्ये काही शतकांचे अंतर कसे, यावर गणितेतिहासाच्या अभ्यासकांनी लगेच हरकती घेतल्या. लिहिणारा हात एकच दिसत असेल तर सर्वांत उशिराची तारीख धरा, असे त्यांचे म्हणणे. मलाही ते पटते. शून्याचे श्रेय त्याने कमी होत नाही.

आपल्याजवळही अशी पाने आहेत. संस्कृत पोथ्यांचा अभ्यासक बुलर याने 1875 च्या काश्मीर दौऱ्यात मिळवलेली भूर्जपत्रावरची ऋग्वेदाची पोथी पुण्याच्या भांडारकर संस्थेत आहे. तिथली ऋग्वेदाची 30 हस्तलिखिते 2007 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीत गेली. याच संस्थेवर 5 जानेवारी 2004 रोजी हल्ला झाला होता, हे आपण विसरलेलो नाही.

2015 मध्ये बॉडलियनमध्ये 1 कोटी 20 लाखावे छापील पुस्तक दाखल झाले: शेलीची 1811 मधली एक राजकीय कविता, तिची उरलेली एकमेव छापील प्रत. ती त्याने ऑक्सफर्डला विद्यार्थी असताना छापली होती, आणि त्याच साली, नास्तिकतेवरच्या दुसऱ्या एका पुस्तिकेवरून, त्याला तिथून काढून टाकले होते. त्याचे पान परत यायला 204 वर्षे लागली.

आवराआवरीत तुमच्या माळ्यावर रुमालात बांधलेली पोथी किंवा मोडीतले कागद निघाले, तर रद्दीत देऊ नका, पाण्यात सोडू नका, चिकटपट्टीही लावू नका. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आहे, भांडारकर संस्था आहे; कुणालातरी दाखवा. आणि त्याआधी एका वेगळ्या कागदावर पेन्सिलीने कुणाच्या घरातून, कोणत्या गावाहून, कोणत्या साली आले एवढे लिहून तो कागद रुमालात ठेवा.