निवासवर्णनातील आवाज : पीटर मेल यांचे प्रोव्हान्स

प्रवासवर्णनाचा निवेदक परतणारा असतो. ज्याला निवासवर्णन म्हणता येईल, त्याचा निवेदक मागचे दोर कापून आलेला असतो. पीटर मेल (१९३९–२०१८) यांचे 'अ इयर इन प्रोव्हान्स' (१९८९) हे या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. जाहिरातव्यवसाय सोडून लेखनाकडे वळलेले मेल पत्नीसह इंग्लंडहून दक्षिण फ्रान्समधील मेनेर्बजवळच्या जुन्या शेतघरात राहावयास गेले. हे स्थलांतर गरजेचे नव्हे, निवडीचे होते.

जानेवारी ते डिसेंबर अशी पुस्तकाची बारा प्रकरणे आहेत. प्रवासमार्गाची जागा येथे ऋतुचक्र घेते. मिस्त्राल वारा, घराची रेंगाळणारी दुरुस्ती आणि दीर्घ भोजने यांतून परकी संस्कृती नित्याची होत जाते.

तथापि दोन मर्यादा जाणवतात. निर्णय दोघांचा असला तरी निवेदन एकाचेच आहे. पत्नीचा उल्लेख नावाने येत नाही. शेजारी फ्रेंच बोलतात, पण वाचकाला भेटतात ते इंग्रजीतून, बहुधा विनोदाची पात्रे होऊन. म्हणूनच अशा लेखनाच्या तौलनिक अभ्यासात कोण गेले याइतकेच, ते कोणी सांगितले आणि यजमान समाजाच्या वाणीला किती अवकाश उरला, हे तपासणे अगत्याचे ठरते.