उंटाचा पाय आणि ओली वाळू

उंट हा वाळवंटात राहणारा प्राणी आहे. त्याला वाळवंटातील जहाज म्हणतात, हे आपण पुस्तकात वाचले आहे. पण मी खराखुरा उंट पाहिला. दिवाळी झाली की आमच्या शिवारात कच्छकडचे रबारी लोक मेंढ्या घेऊन येतात. त्यांचा सगळा संसार उंटावर लादलेला असतो. खाट, भांडी, लहान पोरं, कोकरं सुद्धा.

एकदा त्यांचा उंट नाल्याच्या कोरड्या वाळूतून गेला. मागून आमची बैलजोडी गेली. मी वाकून पाहिले. बैलाचे खूर वाळूत खोल गेले होते. उंटाच्या पायाचा ठसा ताटलीएवढा मोठा, पण उथळ होता. मला लय नवल वाटलं. उंट तर बैलापेक्षा उंच! त्याचे वजन ४०० ते ६०० किलो असते.

गुरुजींनी कारण सांगितले. उंटाच्या पायाला दोन बोटे असतात व खाली मऊ, रुंद गादी असते. पाय टेकला की गादी पसरते आणि वजन मोठ्या जागेवर वाटले जाते. तुम्ही घरी करून बघा. पिठाच्या डब्यात बोट खुपसले तर आत जाते. पण तेवढ्याच जोराने तळहात दाबला तर आत जात नाही. बोट म्हणजे बैलाचा खूर आणि तळहात म्हणजे उंटाचा पाय.

उंट चालताना एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर पुढे टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. म्हणून वर बसणारा माणूस झोके खातो. वारा सुटला की उंट नाकपुड्या मिटून घेतो. त्याच्या लांब पापण्यांमुळे डोळ्यात वाळू जात नाही.

पण हाच उंट ओल्या निसरड्या चिखलात घसरतो, कारण त्याची गादी सपाट असते. कच्छच्या रणात पावसाळ्यात पाणी भरते. पुढे वरून मिठाचा थर वाळलेला दिसतो, पण खाली चिखल असू शकतो.

माणसाला गिळणारी वाळू गोष्टीत असते. वाळवंटातील कोरड्या टेकड्यांवर तशी दलदल होत नाही. वाळूच्या कणांमध्ये पाणी भरले की कण सुटे होतात आणि पाय टाकताच वाळू पातळ होते. मग ती पायाभोवती घट्ट बसते. अशी जागा नदीकाठी, खाडीत, समुद्रकिनारी असते. ओली वाळू आपल्या शरीरापेक्षा जड असते, म्हणून माणूस पूर्ण बुडत नाही, साधारण कमरेपर्यंत जातो. २००५ साली हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून हे दाखवले. पण अडकलेला असतानाच पूर किंवा भरती आली तर जीव जातो. खरा धोका तो आहे.

मागच्या वर्षी मी नदीवर गेलो तेव्हा माझा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. मी धडपडलो तसा दुसरा पण रुतला. मी रडायला लागलो. आबाजी काठावरून ओरडले, "पोरा, झटके देऊ नको! मांगं टेक!" मी पाठ टेकली, हात पसरले. आबाजींनी लांब काठी दिली, पण जोरात ओढले नाही. मी पाय हळूहळू हलवत राहिलो. पायाशेजारी पाणी शिरले, वाळू सैल झाली आणि एकेक पाय निघाला. चप्पल तिथेच राहिली. मायनं आधी रागावलं, मग जवळ घेतलं.

मला नंतर समजले, पाठ टेकून मी उंटासारखाच रुंद झालो होतो!

म्हणून मित्रांनो, नदीच्या ओल्या वाळूत एकटे जाऊ नका. जायचेच तर काठीने आधी टोचून बघा. कोणी फसला तर जवळ धावू नका, मोठ्यांना हाक मारा. आलेल्या पालकांनी पण आपल्या पोरांना हे सांगावे.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी