रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास कायम
उल्हासनगर-अंबरनाथकडच्या माणसाला कॅन्सर म्हटलं की परळचं, १९४१ साली सुरू झालेलं टाटा रुग्णालय आठवतं. पण तिथवर पोचण्याआधीच जठराचा एक विरळा कॅन्सर चकवतो: लिनायटिस प्लास्टिका. यात गाठ किंवा व्रण दिसेलच असं नाही. पेशी जठराच्या भिंतीत आतून पसरतात. भिंत जाड, ताठर होते. चार घासांत पोट भरतं, वजन उतरतं. दुर्बिणीतून घेतलेला वरवरचा तुकडा निर्दोष येऊ शकतो. त्रास टिकला तर त्या रिपोर्टवर थांबूच नये. खोलवरचा तुकडा, एंडोस्कोपिक सोनोग्राफी, सीटी स्कॅन यांबद्दल डॉक्टरांना विचारावं. रोग पोटात इतरत्र पसरलाय का, हे पाहायला लॅप्रोस्कोपी करतात. नसेल, तर सहसा आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया. संपूर्ण जठर काढल्यावर थोडं-थोडं, वारंवार खावं लागतं आणि बी-१२ जीवनसत्त्व जन्मभर, बहुधा इंजेक्शनाने, घ्यावं लागतं.